पिलं राखणारी मरळ

आमच्या घरात मासे पकडले जात, शिजत मात्र क्वचित. बाबा रविवारी पहाटे काठी घेऊन निघत, दुपारी रिकाम्या हातानं परत येत आणि तरीही खुशीत असत. पकडलेला मासा ते ओल्या हातानं धरत, गळ सोडवत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत हा चेष्टेचा विषय होता. समोरच्या घरातली दुलारी काकी ओट्यावर भाजी निवडता निवडता आईला ऐकवायची, "मछरी ल धरथे, फेर छोड़ देथे. तोर घरवाला के दिमाग घलो अइसने छूट गे हे, बहिनी." आई हसून म्हणायची, डोकं तर लग्नाच्या आधीच सुटलेलं होतं, मला उशिरा कळलं. बाबा आतून सगळं ऐकत आणि चहाचा कप पुढे करत.

बाबा सिंचन खात्यात नकाशे काढत. नद्या, कालवे, तळी, बंधारे, हीच त्यांची कागदावरची दुनिया, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या काठावर जाऊन उभं राहणं हा त्यांचा छंद. काठी त्यांना एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरकडून मिळाली होती. तो रेल्वे कॉलनीतलं घर रिकामं करून मुलीकडे कायमचा निघाला होता. त्या काठीला गांडूळ किंवा कणकेची गोळी लागत नसे. बारीक गळावर कोंबड्याचं पीस आणि रेशमाचा धागा गुंडाळून माशी वाटेल, चतुर वाटेल, बेडकाचं पिल्लू वाटेल असं काहीतरी बनवायचं आणि जड दोराच्या झोक्यानं ते हलकेच पाण्यावर नेऊन टेकवायचं. पिसं दुलारी काकीच्या कोंबड्याची. धागा पंडरीच्या कापड बाजारातला. आई साडीला फॉल घ्यायला निघाली की बाबाही मागे निघत आणि रेशमाच्या रिळांपुढे इतका वेळ उभे राहत की दुकानदार त्यांना शिंपी समजे.

नागपूरच्या एका साप्ताहिकात त्यांचे लेख येत. लेख बाबा पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहीत आणि मी ते चांगल्या अक्षरात उतरवून देई. माझी शाळा हिंदीत, गल्ली छत्तीसगढीत. मराठी होती ती आईच्या तोंडात आणि बाबांच्या कागदावर, आणि या दोन मराठींचंही आपसांत फारसं जमत नसे. बाबा लिहीत, "पाणी निवळू लागले होते." आई म्हणायची, "निवळू लागले होते म्हणे. सरळ सांगा ना, गढूळपण बसून राहिलं होतं." आई वैनगंगेकाठच्या गावची. तिच्या लहानपणी घरात मासे असत, ते वाटीनं नव्हे तर परातीनं. बाबांची पाण्यावरची वाक्यं ती कान देऊन ऐकायची आणि मधेच एखादी दुरुस्ती सुचवायची. ती दुरुस्ती बाबा निमूट स्वीकारत. छापून आल्यावर आई तो लेख वाचत नसे. "मले सारं ठावं आहे त्यातलं," म्हणायची.

आज मीही पाण्यावर लिहिते. या हिवाळ्यात बाबा गेले आणि त्यांच्या लेखांची कात्रणं माझ्याकडे आली. एकेक वाचायला घेतलं की दोन ओळींतच थांबते, कारण अक्षर छापील असलं तरी आवाज त्यांचा येतो. हे प्रकरण म्हणूनच हळू लिहिलं जातंय.

तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. सरकारी पाट्यांवरचं मध्यप्रदेश खरवडून छत्तीसगढ़ रंगवणं चालू होतं, आणि घाईघाईत रंगवलेल्या अक्षरांखालून जुनी अक्षरं दिसत. भोपाळहून साहेब लोक आले, लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, घरभाडी वाढली. घरमालक भेटला की राजधानी हा शब्द आवर्जून वापरी. सिलतऱ्याकडे लोखंडाचे कारखाने वाढत चालले होते. वारा तिकडून आला की दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसे. आई ते कपडे झटकत नसे. झटकलं की डाग पसरतो, म्हणून फुंकर घालायची. एकेका उशीच्या अभ्र्यावर ती अशी फुंकर घालत उभी असायची. बाबांच्या टेबलावर आता नव्या शहराचे नकाशे येऊ लागले. रायपूरच्या बाहेर, भाताच्या शेतांमध्ये एक अख्खं शहर आखलं जाणार होतं. ज्या गावांच्या तळ्यांवर आम्ही रविवारी जायचो, त्यांतली काही गावं त्या शहराच्या हद्दीत येत होती. बाबा घरी त्याबद्दल बोलत नसत.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी लेखांतून पुन्हा पुन्हा मांडला होता. पावसाळ्यात मरळीची वीण होते. अंड्यांतून निघालेली पिलं पाण्याच्या वरच्या थरात एकत्र राहतात. लांबून पाहिलं तर तळ्याच्या एका जागी पाणी तांबूस होऊन बारीक उकळतंय असं वाटतं. तो पिलांचा थवा. त्याच्याखाली नर आणि मादी दोघं पहारा देत असतात. ती दोघं खात नाहीत, थव्यापासून दूर जात नाहीत, आणि थव्याजवळ काहीही पडलं, बेडूक, काटकी, पान, तरी त्यावर तुटून पडतात. म्हणून त्या दिवसांत मरळ पकडण्याइतकं सोपं काही नाही. आणि म्हणूनच, बाबा लिहीत, पिलं राखणाऱ्या मरळीवर गळ टाकू नये. ती भुकेपोटी येत नाही. आईबापांतलं एक गेलं तर दुसरं कसंबसं निभावतं, दोघं गेली तर तासाभरात पिलं संपतात. हा नियम वाचून वरोऱ्यापासून गोंदियापर्यंतचे लोक त्यांना पत्रं पाठवत. आमच्यासारख्या साध्या घरात बाबांना जी काही प्रतिष्ठा होती, ती या नियमाची होती.

आईच्या पोटात गाठ निघाली ती उन्हाळ्यात. शस्त्रक्रिया झाली. नंतर औषधाच्या बाटल्या चढवायच्या होत्या. पहिल्या बाटलीनंतर तिच्या तोंडाची चव गेली. वरण तिला मातीसारखं लागे, दूध साबणासारखं. दुलारी काकीनं पेज आणली, तिखट चटणी आणली, तांदळाच्या पिठाचा गरम चिला तव्यावरून थेट आणला. आई एक घास तोंडात घोळवायची आणि मान फिरवायची. साडी तिच्या अंगावर राहीना, म्हणून मी निऱ्यांना पिन लावून देई. डॉक्टर मवाळ माणूस होते. त्यांनी बाबांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर पुढची बाटली देता येणार नाही, आणि दिली नाही तर गाठ पुन्हा वाढेल. काहीही करून यांना खाऊ घाला, म्हणाले. मी बाकावर बसून होते. बाबा "हो" म्हणाले आणि डॉक्टरांच्या खिशातल्या पेनाकडे पाहत राहिले.

दोन दिवसांनी, कपाळावरची ओली पट्टी बदलताना, आई आपणहून बोलली. "मरळीचा रस्सा असता तं खाल्ला असता," म्हणाली. तिच्या माहेरी बाळंतिणीला आणि आजाऱ्याला मरळ देत. बाबा दारात उभे होते. त्यांनी चपला घातल्या आणि तसेच बाजारात गेले.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बाजारात होता तो आंध्रातून बर्फात आलेला कटला. तो शिजायला टाकल्याबरोबर वासानंच आईला उमासे आले. दुसऱ्या दिवशी आडबाजूला कुणीतरी बादलीत जिवंत मरळ विकत होतं, ती बाबांना मिळाली. आईनं एक तुकडा तोंडात घातला आणि बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. तेलाचा वास येतो, म्हणाली. मीही चाखून पाहिला. रॉकेलसारखा वास होता, जिभेवर राहणारा. कारखान्यांकडून येणाऱ्या कुठल्याशा नाल्यातला मासा होता तो. बाबांनी उरलेला रस्सा मोरीत ओतला आणि भांडं स्वतः घासलं. मग म्हणाले, "स्वच्छ पाण्यातली आणतो."

स्वच्छ पाणी म्हणजे आमच्या नेहमीच्या तळ्यांपैकी सर्वांत लांबचं, भातखाचरांच्या मधोमध असलेलं. बाबांनी ऑफिसात रजा टाकली. पहाटे मी स्कूटरवर मागे बसायची, दुलारी काकी आईजवळ थांबायची. गावातले लोक बाबांना ओळखत. मासा नेत नाहीत म्हणून त्यांना कुणी अडवत नसे, आणि ते कशाला आले हे या वेळी कुणी विचारलंही नाही. पहिल्या सकाळी बाबांनी सगळा काठ पालथा घातला. कमळाच्या पानांच्या कडेला, बुडालेल्या बाभळीपाशी, घाटाच्या पायऱ्यांलगत. एक बोटभर लांबीचा मासा लागला, तो त्यांनी सवयीनं सोडला आणि सोडल्यावर आपल्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या सकाळीही काही नाही. तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, शिंगाड्याच्या वेलांपुढे, पाणी तांबूस होऊन उकळत होतं. ते आम्हा दोघांनाही पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बाबा त्या बाजूला पाठ करून दोर टाकत होते.

तिसऱ्या सकाळी ते स्कूटर लावून सरळ पूर्वेच्या कोपऱ्याकडे चालू लागले. मी मागून गेले. त्यांनी डबीतून पिसाचा बेडूक काढला, दोराला बांधला, गाठ दातांनी ओढून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तसंही नव्या शहराच्या नकाशात हे तळं ठेवलेलं नाही, वंदू. बुजणारच आहे." सोळा-सतरा वर्षांची पोर काय बोलणार, आणि मलाही तीच मरळ हवी होती.

एकाच झोक्यात झालं. बेडूक थव्याच्या कडेला टेकला आणि पाणी फाटल्यासारखं झालं. मरळ जोरानं ओढत होती, पण दूर पळत नव्हती. वळून वळून पिलांकडे जात होती. बाबांनी तिला काठावर घेतलं. सोडायचा हात त्यांना माहीत होता, मारायचा माहीत नव्हता. त्यांनी तिला तशीच ओल्या कापडी पिशवीत घातली. मरळ पाण्याबाहेर कितीतरी वेळ जिवंत राहते. घरी येईपर्यंत ती पिशवी माझ्या मांडीवर धडधडत होती, शेतांतून, नव्या सडकेच्या खडीवरून, सिग्नलला थांबलेल्या लाल दिव्याच्या गाडीच्या बाजूनं. बाबा एकदाही मागे वळले नाहीत. घरी दुलारी काकीनं वरवंट्याच्या एका घावात तिला संपवलं आणि राखेनं चोळून साफ केली. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, धणे आणि थोडी चिंच. आईनं पडल्या पडल्या वासावरून सांगितलं की कांदा अजून भाजा.

आणि आई जेवली. वाटीभर रस्सा, भात, दोन तुकडे. घाम आला तिला, नाक गळू लागलं, आणि ती खात राहिली. पोटात राहिलंही सगळं. रात्री शांत झोपली. सकाळी उठून तिनं स्वतः वेणी घातली. केस उरले होते तेवढ्यांची. चार दिवसांनी डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं तेव्हा उतरण थांबलेली होती. असंच चालू ठेवा, म्हणाले. घरी येताना रिक्षात आई बाबांना म्हणाली, "आणखी एखादी भेटते का जी, तशी?"

बाबांनी दुसरीकडे प्रयत्न केले. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर कुठेकुठे जाऊन चिखलात भरून येत. शेवटी त्या रविवारी आम्ही पुन्हा पूर्वेच्या कोपऱ्यात उभे होतो. थवा लहान झाला होता, पण होता. खाली एकटी मरळ होती. ती पहिलीपेक्षा जोरात आली. बाबांनी तिला पिशवीत घातल्यावर आम्ही लगेच निघायला हवं होतं. पण ते दोर गुंडाळत उभे राहिले, आणि आम्ही ते पाहिलं. आधी कडेची काही पिलं नाहीशी झाली. मग खालून लहान लहान मासे येऊ लागले, आणि एक बगळा उडत येऊन उथळ पाण्यात उतरला. तांबूस डाग फाटत गेला. एक तुकडा आमच्या अगदी पायांपाशी आला, जणू कुणाच्या तरी सावलीखाली यायचं होतं त्याला. बाबा पाण्यात दोन पावलं उतरले. हातानं पाणी उडवून त्यांनी बगळ्याला हाकललं. तो थोडा पलीकडे जाऊन बसला.

ते तळं बुजलं नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलंय. नव्या राजधानीत त्याला सिमेंटचा काठ बांधलाय, फिरायला वाट आहे, संध्याकाळी कारंजं चालतं. बाबांनाही हे ठाऊक होतं. एकदा तिथल्या उद्घाटनाचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. त्यांनी पान उलटलं नाही, घडी करून पेपर खाली ठेवला.

त्या रविवारी दुलारी काकी लग्नाला गेली होती, म्हणून मरळ मीच साफ केली. बाबा मला ती देऊन कुठेतरी निघून गेले. काम आहे म्हणाले, रविवारचं काय काम ते सांगितलं नाही. मी मागच्या ओट्यावर विळी घेऊन बसले होते. आई भिंत धरत धरत आली आणि माझ्याशेजारी पाटावर बसली. आजारी पडल्यापासून ती तिथवर आली नव्हती. बरं वाटून राहिलं म्हणाली. मी पोट चिरलं. आईनं वाकून पाहिलं, बोटानं आतडं उलटवलं. आत काहीच नव्हतं, बेडूक नाही, किडा नाही, मासोळी नाही. तिनं माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. डोकं मोठं आणि अंग वाळलेलं.

"पिलं होती?" तिनं विचारलं.

मी मानेनं हो म्हटलं.

"पहिली बी तिथलीच?"

मी माशाकडे बघत राहिले. तेवढं तिला पुरलं. अंगणातल्या नळाखाली बादली भरत होती, ती भरून वाहू लागली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"काहून गेले ते तिकडं," आई म्हणाली. हे तिनं मला विचारलं नव्हतं. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "मसाला नीट भाज. आणि त्याईले कळू देऊ नको, मले समजलं म्हणून."

"नको खाऊस मग," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"न खाऊन कसं चालंन पोरी? दोन्ही गेल्या. आता मी ताट सरकवलं तं तुह्या बापानं कुठं जावं?"

ती जेवली. भिंतीला टेकून, ताट मांडीवर घेऊन, एकेक घास मोजून गिळावा तशी. मध्ये थांबायची, डोळे मिटायची, पाणी प्यायची, पुन्हा घास घ्यायची. ताट तिनं बोटानं पुसून घेतलं. त्यानंतर थोड्याच वेळात तिला उलटी झाली. सगळं बाहेर आलं, आणि नंतर नुसतं पाणी. मी परात धरली, पाठ चोळली, फरशी पुसली, उदबत्ती लावली. आई घामानं भिजून गादीवर पडली आणि म्हणाली, "बाबाले सांगजो, पोटभर जेवली." दिवाळीच्या आधी ती गेली. त्या रविवारनंतर पुढची बाटली देण्याचा विषय डॉक्टरांनी काढला नाही. पण त्या संध्याकाळी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाबा दिवेलागणीला आले. पाय धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. मी त्यांच्यासमोर ते पुसलेलं ताट धरलं. पोटभर जेवली, झोपलीय, मी म्हणाले. त्यांनी ताट हातात घेतलं, दिव्याखाली तिरपं करून पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी उतरलं. कित्येक दिवस ते उभ्यानंच दोन घास खाऊन उठत होते. त्या दिवशी पाट घेऊन बसले. मी त्यांना भात आणि साधं वरण वाढलं. त्यांनी ते संपवलं आणि पुन्हा भात मागितला.

पातेल्यात रस्सा होता, दोन तुकडेही होते. तो फक्त आईसाठी, असं त्यांनीच पहिल्या दिवशी ठरवलं होतं. मी वरणाची पळी उचलली तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ती जागी होती.

"रस्सा वाढ त्याईले," ती म्हणाली. "चांगला झाला आज."

बाबांनी दाराकडे पाहिलं. मग वाटी पुढे केली.